शिंजिराला साखरपाणी नको, कोळी हवेत

शिंजीर अंगणात यावा, जास्वंदीच्या फुलाशी लोंबकळत त्याने मध चोखावा आणि जमल्यास पोर्चमधल्या वेलीवर घरटेही बांधावे, असे वाटणारी माणसे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. ही इच्छा पुरी करायला बहुतेकांना एकच मार्ग सुचतो, तो म्हणजे त्याला गोड काहीतरी देण्याचा. म्हणून बाल्कनीत साखरपाण्याची लाल भांडी टांगली जातात, रोपवाटिकेतून सगळ्यांत भडक फुलांची झाडे आणली जातात, आणि त्याच झाडांवर अधूनमधून कीटकनाशकाचा फवाराही मारला जातो. हा पाहुणचार उलट्या टोकाने सुरू होतो, असे या लेखाचे म्हणणे आहे. शिंजीर मध पितो हे खरे, पण नुसत्या मधावर त्याचा संसार चालत नाही. त्याची पिल्ले किडे आणि कोळी खाऊन वाढतात आणि त्याचे घरटे कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले असते. तेव्हा ज्याला शिंजीर हवा, त्याने आधी किड्यांना आणि कोळ्यांना जागा द्यावी. फुलांचा विचार त्यानंतर करावा, आणि साखरपाण्याचा जवळजवळ करूच नये.

आपण कोणाविषयी बोलतो आहोत हे आधी स्पष्ट व्हायला हवे, कारण कोल्हापूर जिल्ह्यात शिंजिराचे अनेक प्रकार आहेत आणि सगळ्यांच्या गरजा सारख्या नाहीत. शहरात, गावात आणि मळ्यात नेहमी दिसतात ते दोन. पहिला जांभळा शिंजीर. विणीच्या काळात त्याचा नर दुरून काळाकुळकुळीत दिसतो आणि अंगावर ऊन पडले की निळा-जांभळा चमकतो. हंगाम संपला की ही झळाळी जाते. मग वरून तपकिरी, खालून पिवळसर आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ असे त्याचे रूप होते, आणि अनेकांना तो वेगळाच पक्षी वाटतो. दुसरा जांभळ्या पाठीचा, म्हणजेच पंचरंगी शिंजीर. हिरवी चमक असलेले डोके, किरमिजी-तपकिरी पाठ, जांभळा गळा आणि पिवळे पोट असा त्याचा नर वर्षभर रंगीतच राहतो. दोन्ही प्रकारांच्या माद्या वरून मळकट आणि खालून पिवळट असतात. लांबी साधारण १० सेंटिमीटर आणि वजन १० ग्रॅमच्या आत. गर्द झाडी असलेल्या भागात जास्त लांब आणि बाकदार चोचीचा लोटेनचा शिंजीरही भेटतो.

पश्चिमेकडे राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा आणि आंबा या धो धो पावसाच्या, दमट जंगलाच्या पट्ट्यात आणखी दोन शिंजीर आहेत आणि ते पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच राहत नाहीत. किरमिजी पाठीचा छोटा शिंजीर जेमतेम ८ सेंटिमीटरांचा, आपल्याकडच्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. दुसरा विगोर्सचा शिंजीर. नराची छाती लालभडक, तिच्यावर बारीक पिवळ्या रेघा, माथ्यावर हिरवी चमक आणि पोट राखाडी. मुंबई इलाख्यात नोकरीला असलेल्या सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि निकोलस विगोर्स या प्राणिशास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले. हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणाऱ्या लाल शिंजिराची ही उपजात असे बराच काळ मानले जात होते. आता तो स्वतंत्र जात म्हणून ओळखला जातो. राधानगरीचे जंगल १९५८ पासून अभयारण्य आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा एक भाग आहे. म्हणजे आपल्या परसातल्या पाहुण्याचे दुर्मीळ भाऊबंद आपल्याच जिल्ह्यात राहतात, आणि घराजवळ लागलेल्या सवयी आपण जंगलातही घेऊन जातो. लेखाच्या शेवटी या मुद्द्याकडे यायचे आहे.

आता मूळ मुद्द्याचा पुरावा पाहू. फुलातला मध म्हणजे मुख्यतः साखर आणि पाणी. उडायला, क्षणोक्षणी जागा बदलायला, एवढ्याशा देहाची ऊब टिकवायला लागणारी शक्ती त्यातून भरपूर मिळते. पण स्नायू, पिसे आणि रक्त घडवायला प्रथिने लागतात आणि मधात ती नगण्य असतात. मोठा पक्षीसुद्धा म्हणून दिवसभर फुलांच्या जोडीने किडे टिपतो, आणि पिल्लांच्या बाबतीत तर हा प्रश्न जगण्यामरण्याचा आहे. अंड्यातून बाहेर पडलेला उघडा जीव दोन-अडीच आठवड्यांत पिसे फुटून उडायला तयार होतो. ही वाढ साखरेवर होऊ शकत नाही. घरट्याजवळ लांबून थोडा वेळ लक्ष ठेवले तर कोणालाही दिसेल की चारा आणणारी मादी पानांच्या मागच्या बाजू, सालीच्या फटी आणि कोळ्यांची जाळी तपासत फिरते. तिच्या चोचीत असतात मऊ अळ्या, छोट्या माश्या आणि कोळी. तिचे घरटे पाहिले तरी तीच साक्ष मिळते. फांदीच्या टोकाला लोंबणारी ती पिशवी गवताच्या काड्या, तंतू, सालीचे तुकडे आणि सुकी पाने यांची असते. बाजूच्या दारावर छोटी पडवी असते आणि आत सावरीच्या किंवा रुईच्या कापसासारखे मऊ अस्तर. हे सगळे एकत्र धरून ठेवणारा दोर म्हणजे कोळ्याचे जाळे. ते चिवट आणि लवचिक असल्यामुळे वाऱ्यात घरटे हेलकावते, पण सुटत नाही. ज्या आवारात एकही जाळे शिल्लक नाही, तिथे मादीला घरटे शिवायला धागाच नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की शिंजीर तर सगळीकडे दिसतात, त्यांची एवढी काळजी कशाला? आक्षेप रास्त आहे. वर सांगितलेला एकही शिंजीर सध्या जागतिक यादीत संकटग्रस्त नाही. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ मध्ये निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार आहे, आणि फळे व मध यांवर जगणारे पक्षी तुलनेने बरे टिकून आहेत, असे त्यातून दिसते. पण त्याच अहवालात किडे खाणाऱ्या पक्ष्यांची घट ठळकपणे नोंदली आहे. याआधीच्या २०२० च्या अहवालात तर पश्चिम घाटातल्या १२ प्रदेशनिष्ठ जातींचा एकत्रित निर्देशांक २००० पासून सुमारे ७५ टक्क्यांनी खाली आल्याचे म्हटले होते. या घटीला अधिवासाचा नाश, शेतीतले बदल अशी अनेक कारणे असणार आणि एकट्या कीटकनाशकावर सगळे खापर फोडणे चूक होईल. तरीही आपल्या प्रश्नापुरता बोध स्पष्ट आहे. माणसाच्या वस्तीत मधाची टंचाई फारशी नाही, बागांमध्ये फुले आहेतच. टंचाई आहे ती किड्यांची. मग भर कुठे घालायची, हे वेगळे सांगायला नको.

साखरपाण्याचे भांडे अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी रूढ झाले. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. शिंजिरांचे कूळ वेगळे, आणि ते शक्यतो फांदीवर बसून मध पितात. ‘पण भांडे टांगले तर बिघडले कुठे, पक्षी तर खुशाल येतात,’ असे कोणी म्हणेल. पक्षी येतात यात शंका नाही. प्रश्न असा की आल्यावर काय होते. एप्रिलच्या उन्हात साखरेचे पाणी लवकर आंबते आणि भांड्याच्या नळीत बुरशी धरते. एकाच भांड्यावर अनेक पक्षी चोच लावतात, तेव्हा एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग फिंच कुळातल्या पक्ष्यांमध्ये पसरला आणि तिथल्या ग्रीनफिंचची संख्या झपाट्याने घसरली. बागेतली खाण्यापिण्याची भांडी हे त्याच्या प्रसाराचे एक ठिकाण मानले जाते. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात पाव आणि दाणे घालून केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बाहेरून आलेल्या धीट पक्ष्यांची चलती झालेली आढळली. ही उदाहरणे शिंजिराची नाहीत, हे मान्य. पण आयते अन्न ठेवले की परिणाम आपल्या हेतूबाहेर जातात, एवढे त्यांतून निश्चित कळते. एवढ्यावरही कोणाला भांडे ठेवायचेच असेल तर चार भाग पाण्याला एक भाग पांढरी साखर घ्यावी, रंग अजिबात घालू नये, पाणी रोज बदलावे आणि भांडे रोज गरम पाण्याने घासावे. साखरेऐवजी पोळ्यातला मध वापरू नये, कारण त्यात बुरशी लवकर वाढते. कोल्हापूरकरांना गूळ सुचणे साहजिक आहे, पण गुळातले लोह आणि इतर क्षार या पक्ष्यांसाठी योग्य नाहीत. रोजची ही उठाठेव जमणार नसेल तर भांडे उतरवून ठेवलेले बरे.

त्यापेक्षा झाड लावणे सोपे, कारण ते मधही देते आणि किडेही. पण कोणते झाड? याविषयी एक अभ्यास विचारात घेण्यासारखा आहे. वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या घरगुती बागांमध्ये डेझिरे नारँगो आणि सहकाऱ्यांनी चिकडी या छोट्या किडेखाऊ पक्ष्याची वीण अभ्यासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला. ज्या बागांमध्ये देशी झाडांचे प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी होते, तिथे या पक्ष्याची संख्या टिकण्याइतकी पिल्ले वाचत नव्हती. कारण सरळ आहे. पाने खाणाऱ्या बहुतेक अळ्या ठरावीक झाडांवरच जगतात, आणि परदेशी झाडाची पाने त्यांना चालत नाहीत. पक्षी वेगळा, देश वेगळा, म्हणून ७० हा आकडा जसाच्या तसा कोल्हापूरला लावता येणार नाही. तत्त्व मात्र लागू पडते. परदेशी झाड फूल देईल, अळ्या देईलच असे नाही. ‘पण माझ्या हॅमेलियावर तर शिंजीर दिवसभर असतात,’ हा अनुभव खोटा नाही. हे परदेशी झुडूप उपटून टाकायचे कारणही नाही. फक्त सगळे कुंपण हॅमेलियाचेच असू नये. घाणेरीचे तसे नाही. तिच्या फुलांवर शिंजीर आला तरी ती मुद्दाम लावू नये, कारण तिचे बी पक्षी दूर नेतात आणि जंगलात ती पसरत जाते.

लागवड करताना वर्षाचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. ही मोठी झाडे आहेत. ती गृहनिर्माण संस्थेचे आवार, शाळेचे मैदान, देवळाची जागा किंवा शेताचा बांध अशा ठिकाणी शोभतात. त्याच दिवसांत फुलणारी धायटी मात्र झुडूप आहे. तिची नळीसारखी लाल फुले शिंजिराच्या चोचीला नेमकी बसतात, आणि पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरउतारांसारख्या मुरमाड जागीही ती तग धरते. अडुळसा कुंपणाला लावावा. त्याला जनावरे तोंड लावत नाहीत आणि त्याची पांढरी फुले शिंजिरांना चालतात. पावसाळ्यात मुरुडशेंगीचा लाल फुलोरा कामाला येतो. बारमाही सोबतीसाठी परसात शेवगा, केळ आणि साधी, एकेरी पाकळ्यांची जास्वंद असावी. फक्त फ्लॅटची बाल्कनी असेल तर मोठ्या कुंडीत जास्वंद आणि दुसऱ्या कुंडीत अडुळसा एवढे पुरे. शिवाय सकाळी पानांवर पाणी शिंपडावे. शिंजीर ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करतात, त्यांना वाडग्याची फारशी गरज लागत नाही. रोपे जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावली की मुळे धरतात.

मुख्य परीक्षा फवारणीच्या वेळी होते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की बहुतेक जण दुकानातून औषध आणतात, आणि ते अनेकदा इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही कीटकनाशक असते. आंतरप्रवाही याचा अर्थ ते झाडाच्या रसात भिनते आणि पाने, परागकण आणि मध यांत उतरते. पावसाने ते धुऊन जात नाही. मधमाश्यांना होणारा धोका पाहून युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या जातीच्या आणखी दोन औषधांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. ज्या फुलावर शिंजिराला बोलवायचे, त्याच फुलात विष घालण्यात काय अर्थ? पिठ्या ढेकणासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा, मग सौम्य साबणाचे पाणी वापरावे, आणि किडलेला शेंडा छाटून टाकावा. कुंडीतल्या दोन-चार झाडांना यापेक्षा जास्त काही लागत नाही. थोडी पाने कुरतडलेली राहतील. ती राहू द्यावीत, कारण तीच मादीची बाजारपेठ आहे. जळमटांचेही तसेच. दिवाळीच्या आधी घर झाडावे, पण कुंपण, झाडांचे बुंधे, गॅरेजची मागची बाजू इथली जाळी सोडून द्यावीत. ‘मग डास वाढतील’ ही भीती स्वाभाविक आहे. पण डास पानांवर नव्हे, साचलेल्या पाण्यात पैदा होतात. कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर आणि उघड्या टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या केल्या की त्यांचा बंदोबस्त होतो, आणि जाळ्यातला कोळी डास खाऊन त्याला मदतच करतो.

शहराबाहेर पडल्यावर प्रश्नाचे रूप बदलते. पंचगंगेच्या खोऱ्यात नजर जाईल तिथवर ऊस आहे. दिसायला सगळे हिरवे, पण उसाच्या तुऱ्याचे परागीभवन वारा करतो, त्यात पक्ष्यासाठी मध नसतो. एकाच पिकाच्या अशा पट्ट्यात शिंजिराला आधार असतो तो बांधाचा, विहिरीच्या काठचा आणि घराच्या परसाचा. बांध पेटवून किंवा तणनाशक मारून बोडका करणाऱ्या शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. सावलीने पिकाला फटका बसतो आणि झाडाची मुळे उसाचे पाणी ओढतात. म्हणून सगळा बांध झाडांनी भरा, असा सल्ला कोणी देऊ नये. विहिरीजवळ एखादा पांगारा, गोठ्यामागे शेवगा आणि रस्त्याकडेच्या बांधावर अडुळशाचे कुंपण, एवढ्याने पिकाचे नुकसान होत नाही. बांडगुळाबाबतही असाच तारतम्याचा मार्ग आहे. त्याच्या नळीदार फुलांवर शिंजीर येतात, परागीभवन करतात, आणि फळे फुलटोच्या पक्ष्यांना मिळतात. कलमी आंब्यावरचे बांडगूळ काढावेच, कारण ते झाडाचा रस शोषते. पण बांधावरच्या जुन्या रानटी झाडावर एखादा झुबका असला तर त्याला हात लावू नये.

एवढे केल्यावर घरटे होण्याची शक्यता वाढते, आणि तिथे आपली कसोटी लागते. शिंजीर माणसाला फारसे बिचकत नाहीत. पोर्चची तार, टांगलेली कुंडी, वेलीचे टोक अशा ठिकाणी ते घर करतात. बांधणी सुरू झाली की त्या कोपऱ्याची छाटणी, रंगकाम आणि विजेची दुरुस्ती पुढे ढकलावी. मादी सहसा दोन अंडी घालते. अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्ले उडायला आणखी दोन-अडीच आठवडे लागतात. म्हणजे बांधणीसह दीड महिन्याची कळ काढायची आहे. घरटे ‘सुरक्षित’ जागी हलवण्याचा मोह टाळावा. हलवलेले घरटे पालक बहुधा सोडून देतात. जवळून फोटो घेऊ नयेत, कारण वारंवार उडून जावे लागले तर अंडी गार पडतात आणि कावळ्याला जागा कळते. पाळीव मांजर सकाळी आणि संध्याकाळी घरात ठेवावे. नर गाडीच्या आरशावर टोचा मारत असेल तर तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतो आहे. आरशावर फडके बांधले की तंटा मिटतो. अंडी-घरटी नष्ट करणे किंवा त्यांना त्रास देणे याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत धरले आहे, हेही माहीत असावे.

राहिला शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीतल्या बाल्कनीचा राधानगरीच्या विगोर्सच्या शिंजिराला काय उपयोग? थेट उपयोग काहीच नाही, आणि असल्याचे सांगणे ही फसवणूक होईल. तो जंगलाचा पक्षी आहे आणि त्याला जंगलच लागते. पण जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांच्या हातात पुष्कळ आहे. दाजीपूर, आंबा, गगनबावडा इथे पर्यटकांसाठी घरे चालवणाऱ्यांनी आवारातली धायटी आणि मुरुडशेंग साफ करू नये. दिव्यांचे झोत झाडांवर सोडू नयेत, आणि फोटोसाठी साखरपाण्याची भांडी टांगू नयेत. पाहुण्यांनीही मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नये. विणीच्या दिवसांत नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजतो आणि पिल्लांना चारा आणायचा वेळ भांडणात घालवतो. ज्याने घरच्या बागेत किडे आणि कोळी यांचे महत्त्व ओळखले आहे, तो जंगलात गेल्यावर फक्त रंगीत पक्षी शोधत नाही, त्याला पोसणारे सगळे जगणे पाहतो. देवराई तोडली जाते किंवा डोंगरउतार वणव्यात जळतो, तेव्हा नेमके काय गेले, हे त्याला सांगावे लागत नाही. बाल्कनीचा राधानगरीला उपयोग आहे तो असा, माणसाच्या समजुतीमधून.

म्हणून क्रम उलटा करा. या आठवड्यात कपाटातली आंतरप्रवाही औषधे वापरणे बंद करा आणि कुंपणावरची जाळी राहू द्या. याला एक पैसाही लागत नाही, आणि शिंजिराच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी भेट आहे. येत्या पावसाळ्यात अडुळसा किंवा धायटी यांपैकी एक आणि शेवगा किंवा जास्वंद यांपैकी एक अशी दोन रोपे लावा. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत किंवा ग्रामपंचायतीत विषय निघेल तेव्हा शोभेच्या परदेशी रोपांऐवजी पांगाऱ्याचा आग्रह धरा, आणि आवारातल्या सरसकट फवारणीला विरोध करा. पहिल्या वर्षी कदाचित फरक दिसणार नाही, कारण झाड वाढायला आणि त्यावर किडे वसायला वेळ लागतो. पण एकदा ते वसले की शिंजिराला बोलवावे लागत नाही, आणि तुम्ही गावाला गेलात तरी त्याचे काही अडत नाही. साखरपाण्याच्या भांड्यावर पोसलेल्या पाहुण्याविषयी हे म्हणता येणार नाही.